टाकी मंजूर, माणूस नामंजूर

मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं. पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे नफ्यातून समाजकार्यासाठी कायद्याने खर्चायच्या वाट्याचा; काम आमच्या संस्थेचं. प्रस्तावात एका कार्यकर्तीचं दोन वर्षांचं मानधन धरलं होतं. घरोघर फिरून पाणी समिती उभी करणं, वीजबिलासाठी महिन्याची वर्गणी ठरवणं, गावातल्याच दोघींना देखभाल शिकवणं, हे तिचं काम. नेमकी तीच ओळ कंपनीने कापली. उत्तर आलं, "प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर चालत नाही, कायदाच आहे तसा." मार्चअखेरीला फीत कापली, फलक लागला, फोटो निघाले. दिवाळीपर्यंत फिल्टर तुंबला, बिल थकलं, खोलीला कुलूप लागलं. बायका परत हातपंपावर.

त्या करारावर सही माझी होती. आपण नाही म्हटलं तर पैसा दुसऱ्या संस्थेकडे जाईल, ही भीती. आजही ते बोचतं.

कायदा मी नंतर नीट वाचला. आधी वाचायला हवा होता. कंपनी कायद्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू आहे. वर्षाला 5 कोटी निव्वळ नफा झाला तरी कंपनी त्यात येते आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के तिला खर्चावे लागतात. ती 5 टक्क्यांची मर्यादा आहे कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च 2021च्या नियमांनी त्यातून स्पष्ट वगळला आहे. म्हणजे गावात पायपीट करणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च! मार्चच्या आत सगळं उरकायचीही सक्ती नाही. बहुवार्षिक प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात, फक्त उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकायची.

मग अडतं कुठे? टाकी मोजता येते. वर्गणी का देत नाही म्हणून रुसलेल्या घरी चौथ्यांदा जाणं अहवालाच्या कुठल्या रकान्यात भरणार?

समजून घेणारी माणसंही भेटतात. गेल्या उन्हाळ्यात एका कारखान्याचे अधिकारी गाव बघायला आले, देवळाच्या ओट्यावर बायकांमध्ये बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वर्गणी कोण गोळा करतं, ताई?" यंत्र त्यांनी नंतर पाहिलं.

त्यांच्यासाठी नवा प्रस्ताव लिहितेय. मानधनाची ओळ सगळ्यात वर आहे. ती कापली तर या वेळी सही करणार नाही.