'फुल इन्शुरन्स' म्हणजे नेमकं काय फुल?

"आमच्या गाडीला फुल इन्शुरन्स आहे" हे चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत सगळे बिनधास्त सांगतात. पॉलिसीचा कागद उघडून बघा, 'फुल' हा शब्द त्यात कुठेच नसतो.

कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर तो भरतो. मृत्यू-दुखापतीला मर्यादा नाही, मालमत्तेला साडेसात लाखांपर्यंत. तुमच्या गाडीच्या पत्र्याला त्यातून दमडी नाही. ती मिळते ओन डॅमेजमधून, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानाच्या विम्यातून. आणि इथेच बरेच जण फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो, ओन डॅमेज मात्र बहुतेकदा १ वर्षाचाच असतो. दोन्हींच्या तारखा पॉलिसीवर वेगवेगळ्या छापलेल्या असतात. "तीन वर्षं बघायला नको" म्हणणाऱ्याची गाडी दुसऱ्या पावसाळ्यात उघडी पडलेली असते.

आता पाणी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली, ते कोणी विसरलेलं नाही. पूर, वादळ, दरड हे ओन डॅमेजमध्ये येतंच. सीट, वायरिंग, कार्पेटचं नुकसान मिळतं. भांडण होतं ते इंजिनावरून. एअर इनटेकमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टन ते पाणी दाबायला जातो. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, हे पुराने नाही, चावी फिरवल्याने झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायचं जोड-कव्हर) वेगळं घ्यावं लागतं, आणि गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या ते देत नाहीत. माझं स्पष्ट मत: नदीकाठच्या किंवा खाडीकाठच्या माणसाने इतर ॲड-ऑन सोडले तरी चालतील, हे सोडू नये.

कव्हर असो-नसो, पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू" हा मोह टाळा. आधी पाण्याची रेषा दिसेल असे आतून-बाहेरून फोटो काढा. मग बॅटरीची मायनस केबल सोडवा, कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या आणि गाडी फ्लॅटबेडवरूनच (गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरून) न्या. दोरी बांधून गिअरमध्ये ओढली तरी इंजिन फिरतंच! नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजवाल्याला काही खोलू देऊ नका.

दुसरा धक्का बिलाचा. समजा साडेतीन वर्षांच्या गाडीवर फणसाची फांदी पडली. बोनेट १५,००० चं. पत्र्याला या वयात २५ टक्के घसारा (भाग जुना म्हणून होणारी कपात), म्हणजे ३,७५० तुमच्या खिशातून. बंपर १२,००० चा. प्लास्टिकला ५० टक्के, म्हणजे ६,००० तुमचे. काचेला घसारा नाही. वर प्रत्येक क्लेममागे सक्तीची कपात १,००० (१५०० सीसीपर्यंत). झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) असेल तर घसारा वाचतो, कपात नाही वाचत.

बारीक ओरखड्यासाठी क्लेम करू नका. ओन डॅमेजचा प्रीमियम ८,००० असेल आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधली सूट) मिळणार असेल, तर क्लेम केल्यावर ते ३,६०० गेले, आणि त्यापुढच्या वर्षी पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात. नूतनीकरण ९० दिवसांपेक्षा जास्त रखडलं तरी बोनस जातो.

खाऱ्या वाऱ्याने दाराखालचा पत्रा खाल्ला तर कुठलीच पॉलिसी देत नाही. गंज आणि झीज सरळ वगळलेली आहे.

एक कोकणातलं खास. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून कुडाळ स्टेशनवरून पाहुणे तारकर्लीला सोडायचे आणि पैसे घ्यायचे, हे सर्रास चालतं. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर चालत नाही. त्या फेरीत अपघात झाला आणि मागे बसलेल्याने पोलिसांना "भाडं दिलंय" असं सांगितलं, की ओन डॅमेजचा क्लेम तिथेच अडकतो.