गेटवर क्यूआर तर लागले, पण परदेशी पाहुण्यानं पैसे द्यायचे कसे?

ताडोबाले येणाऱ्या परदेशी पाहुण्याजवळ पैसा असते, खर्च करायची इच्छा पण असते, तरी तो पैसा आपल्या गावात उतरत नाही आणि याच्यावर कोणी बोलून नाही राहिलं. रिसॉर्ट, सफारी, गाडी हे सगळं त्यानं घरून निघायच्या आधीच कार्डावर ऑनलाइन भरलेलं असते. उरते काय तर गेटसमोरचा चहा, पोहे, बांबूची टोपली, गाईडच्या हातावर खुशीनं ठेवलेले पैसे. हाच पैसा सरळ गावातल्या माणसाच्या हातात येते ना भाऊ, आणि नेमका हाच अडते.

मागच्या सीझनचं सांगतो. सकाळची सफारी आटपून एक डच जोडपं मोहर्लीत, म्हणजे ताडोबाच्या गेटजवळच्या गावात, ठेल्यावर बसलं, तर्री-पोहे खाल्ले, बाईनं तर दुसऱ्यांदा तर्री मागून घेतली, नाक-डोळे वाहून राहिले तरी खुश. बिल झालं 80 रुपये. त्यानं कार्ड काढलं, मावशीनं क्यूआरच्या पाटीकडं बोट दाखवलं. त्यानं बिचाऱ्यानं फोननं स्कॅन पण केलं, पण त्याच्या फोनमध्ये नुसती अक्षरांची लांबलचक ओळ आली, कारण आपलं यूपीआय चालते ते इथल्या बँकेच्या खात्यावर, त्याचं खातं तिकडं हॉलंडमध्ये. मंग 500 ची नोट निघाली. मावशीच्या डब्यात सुटे कुठून असतील, आजकाल सगळं गिऱ्हाईक फोनवरच देते. शेवटी जिप्सीवाल्या पोरानं आपल्या फोनवरून भरले. ते दोघं इतके ओशाळले की बाजूच्या बांबूच्या दुकानाकडं त्यांनी पाहिलंच नाही, सरळ गाडीत जाऊन बसले.

लोक म्हणतात, रोख आणावी त्यांनी. आणणार कुठून? रुपया काही डॉलर-युरोसारखा जगभरच्या बँकेत सहज मिळत नाही, आणि बाहेरून रुपये आणायलाही 25,000 ची मर्यादा आहे. विमानतळावर बदलले तर भाव कमी. एटीएममधून काढले तर एका वेळी बहुतेक ठिकाणी 10,000 च्या वर निघत नाही, त्याची बँक चार्ज लावते, वरून इथलं मशीन पण लावते, आणि हातात येतात जास्त करून 500 च्याच नोटा!

सोय काहीच नाही असंही नाही. 2023 मध्ये जी-20 च्या वेळी रिझर्व्ह बँकेनं परदेशी प्रवाशांसाठी यूपीआय मोकळं केलं, त्याचं नाव यूपीआय वन वर्ल्ड. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवायचा, फोनमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे पैसे ठेवायच्या ॲपमध्ये, रुपये भरून घ्यायचे, इथलं बँक खातं लागत नाही. आधी ते जी-20 देशांच्या लोकांसाठी आणि निवडक विमानतळांवरच होतं, 2024 मध्ये बाकी देशांसाठीही उघडलं. चांगली गोष्ट आहे, पण मी आलेल्या पाहुण्यांना विचारतो तर बहुतेकांनी नावच ऐकलेलं नसते. आणि यातली गोम अशी की त्या वॉलेटातून पैसे फक्त दुकानदाराला जातात, माणसाच्या पर्सनल खात्यावर नाही. आता आमच्या गाईडचा, जिप्सीवाल्याचा, टोपल्या विकणाऱ्या बाईचा क्यूआर कोणता असते? पर्सनलच. म्हणून ज्यांचा ठेला-दुकान आहे त्यांनी आधी व्यापाऱ्याचा क्यूआर काढून घ्या, बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला चार्ज नाही.

चीनमध्ये पण सगळं क्यूआरवरच चालते, त्यांनी काय केलं पाहा. 2023 पासून परदेशी माणूस आपलं व्हिसा-मास्टरकार्ड अलीपे किंवा वीचॅट या तिथल्या पेमेंट ॲपला जोडते आणि फुटपाथवरच्या भाजीवाल्याचाही कोड स्कॅन करते. 200 युआनपर्यंत त्याला चार्ज पण नाही. काउंटर शोधायची, आधी पैसे भरून ठेवायची भानगडच नाही. मंग आपल्याकडं काहून नाही होत? आपला माणूस 2024 पासून आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयनं काढून राहिला, भूतानमध्ये तर 2021 पासूनच चालू आहे. बाहेर जाणाऱ्या आपल्या लोकांची सोय झाली याचा मला आनंदच आहे, पण पॅरिसचा माणूस मोहर्लीत आला तर त्याला एक कप चहा घेता आला पाहिजे की नाही? परदेशी कार्ड सरळ यूपीआयला जोडू द्या, एवढंच मागणं आहे. आणि ते होईपर्यंत नागपूर विमानतळावर वन वर्ल्डचं काउंटर द्या, वाघ पाहायला येणारे बरेचसे तिथूनच येतात.

आमच्या होमस्टेचं बुकिंग आलं की मी आता पाहुण्याला आधीच लिहून टाकतो, की वॉलेट मिळालं तर उतरल्याबरोबर काढा, नागपुरातूनच 50-100 च्या नोटा घेऊन निघा, गावात नेटवर्क गेलं की कार्डाचं मशीन पण बंद पडते, आणि मशीननं तुमच्या देशाच्या पैशात घेऊ का विचारलं तर रुपयेच दाबा, नाहीतर भाव वाढवून लावतात. हा इंग्रजी मेसेज कोलारा, नवेगाव, पेंच कुठल्याही गेटच्या होमस्टेवाल्याला पाहिजे असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो.