छेद तुमच्या हातात आहे

अमेरिकेतल्या एखाद्या फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या जोडीनं रुग्ण तपासणारे व्यावसायिक) अभ्यासक्रमाचा विविधता अहवाल तुमच्या गळ्यात पडलाय? घाबरू नका. वर्गात एकही नवा चेहरा न आणता आकडे सुधारता येतात.

सुरुवात छेदापासून करा. समजा, गेल्या वर्षी 50 विद्यार्थ्यांत 2 कृष्णवर्णीय होते, म्हणजे 4 टक्के. यंदाही 50 त 2 च आहेत, पण 10 जणांनी वंशाचा रकाना कोरा सोडलाय. त्या दहांना हळूच छेदातून उचला. 40 त 2, झाले 5 टक्के. आता मथळा द्या : 'प्रतिनिधित्वात 25 टक्के वाढ'. ही वाढ नेमकी कशाची, असं विचारणारा कुणी बैठकीत निघालाच, तर पुढच्या वर्षीचा अहवाल त्याच्याकडे सोपवा.

मग गाळणी मोठ्या भोकांची घ्या. न्यू जर्सीतल्या मराठी डॉक्टर दांपत्याची मुलगी आणि आग्नेय आशियातून मिनेसोटात आलेल्या ह्माँग निर्वासितांचा नातू, दोघंही 'आशियाई'. कुणी सुटे आकडे मागितले तर सांगा, गट लहान आहे, व्यक्तीची ओळख उघड होईल. हे कारण बऱ्याचदा खरंही असतं, त्यामुळे अधिकच सोयीचं. त्यात 2024 मध्ये संघीय सरकारनं वर्गवारीच बदलली : हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचं) असण्याचा वेगळा प्रश्न वंशाच्या प्रश्नात मिसळला, मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी नवा रकाना आला. जुनी आणि नवी मालिका एकाच रेषेत जोडा. व्याख्या बदलल्यानं जी उडी दिसेल ती तुमच्या समितीची कामगिरी.

पहिल्या पानावर स्त्रियांचा आकडा हवा. या व्यवसायात त्या सुमारे 70 टक्के आहेत, त्यामुळे चित्र झकास दिसतं. पगारातली तफावत परिशिष्टात टाका. गोऱ्यांचं प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास आणि कृष्णवर्णीयांचं जेमतेम 3-4, हेही तिथेच. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय 13 टक्क्यांच्या वर आहेत, ही तुलना मात्र परिशिष्टातही नको.

इतिहासाचं पान भव्य काढा. 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेले चार वैद्यकीय सहायक घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. 1970 मध्ये तिथूनच बाहेर पडलेल्या जॉइस निकोल्स या देशातल्या पहिल्या स्त्री फिजिशियन असिस्टंट, आणि त्या कृष्णवर्णीय होत्या. सिएटलचा मेडेक्स हा फिजिशियन असिस्टंट घडवणारा कार्यक्रम उभा करणारे डॉ. रिचर्ड स्मिथही कृष्णवर्णीय. फोटो मोठे छापा. फक्त त्यांच्या शेजारी आजचा वर्ग छापू नका.

राहिली प्रवेशाची चाळण. तिला हात लावायचा नाही, कारण खरं काम तिथे होतं. युद्धातून परतलेल्या सहायकांसाठी निघालेल्या या वाटेवर आता पदव्युत्तर पदवी लागते. अर्जाआधी बऱ्याच ठिकाणी 1000 किंवा त्याहून जास्त तास रुग्णसेवेचा अनुभव हवा. तो मिळतो रुग्णवाहिकेवर किंवा वॉर्डात, बेताच्या पगारात; घरभाडं आईवडील भरत असतील तर फारच छान. रसायनशास्त्रात एकदा नापास होऊन पुन्हा 'ए' मिळवला? सामायिक अर्जप्रणाली सरासरी काढताना दोन्ही गुण धरते. रात्रपाळी करून शिकणाऱ्याला ते नेमकं भोवतं. वर कित्येक अभ्यासक्रमांत ठरावीक वर्षांनी जुनं रसायनशास्त्र शिळं होतं. म्हणजे पैसे साठवण्यात वर्षं घालवलेल्यानं पुन्हा फी भरावी.

कुणी बोललंच तर 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाकडे बोट दाखवा : प्रवेशात वंश बघायचा नाही, आमचे हात बांधलेले. शिळ्या रसायनशास्त्राची मुदत वाढवायला न्यायालयानं मनाई केलेली नाही, एवढं मात्र बोलून जाऊ नका.

आणि अर्ज अर्धवट भरून सोडून दिलेल्यांसाठी नवा रकाना काढायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. छेद खरोखरच वाढायचा.