मॅडम, पी थोडी खाली आणता येईल का?

थिसिस जमा करायचे दिवस आले की एमडी, एमएसची मुलं माझ्याकडे आकडेमोडीसाठी येतात. परवा अशीच एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. रक्तक्षय असलेल्या 60 गरोदर बायका. निम्म्यांना लोहाच्या गोळ्या, निम्म्यांना सलाईनमधून लोह. सलाईनवाल्या गटाचं हिमोग्लोबिन सरासरी 0.6 ग्रॅमने जास्त वाढलं होतं. पी व्हॅल्यू आली 0.08. ती 0.05 च्या खाली असेल तरच निकाल 'सिग्निफिकंट', म्हणजे दखल घेण्याजोगा, धरतात. तिचा चेहराच पडला.

"मॅडम, थोडी खाली आणता येईल का? दोन पेशंट काढले तर? गाईड म्हणतात, सिग्निफिकंट नाही म्हणजे काहीच मिळालं नाही."

मला राग आला, पण तिचा नाही. वॉर्डात रात्री जागून तिने रक्ताचे नमुने गोळा केलेत. काहीच मिळालं नाही कसं?

दोन्ही उपचार अगदी सारखे असते, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता किती, एवढंच पी सांगते. 'उपचारात फरक नसण्याची शक्यता 8 टक्के' असा तिचा अर्थ नाही. पण बहुतेक डॉक्टर तो तसाच वाचतात.

एक नाणं 10 वेळा उडवा. नाण्यात काही खोट नाही असं धरलं, तर 8 वेळा छापा पडल्यास पी 0.109, 9 वेळा पडल्यास 0.021. एका छाप्याच्या फरकाने 'काही नाही'चं 'सिद्ध झालं' होतं! आणि ही 0.05 ची रेघ आली कुठून? ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात ती सोयीची म्हणून सुचवली. 1956 मध्ये त्यांनीच लिहिलं, की कुठलाही संशोधक दरवर्षी, प्रत्येक प्रसंगी एकच ठरावीक पातळी धरून गृहीतकं फेटाळत नाही. आपण मात्र नेमकं तेच करतो.

त्याचे परिणाम समोर आहेत. मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्के 'सिग्निफिकंट' होते, पुन्हा केल्यावर उरले 36 टक्के. सगळ्यांनी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. दोन पेशंट वगळायचे, वयाचे गट बदलून बघायचे, 0.05 च्या खाली आलं की थांबायचं आणि न जमलेलं कपाटात ठेवायचं, एवढ्यानेही हे होतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये स्पष्ट बजावलं, की केवळ पी एखाद्या मर्यादेखाली आहे म्हणून वैज्ञानिक निष्कर्ष काढू नका. ते आपल्या मेडिकल कॉलेजांपर्यंत अजून झिरपलेलं नाही.

पुण्यात तरी हे नवीन वाटायला नको. विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा करणारे वसंत शंकर हुजूरबाजार हे केंब्रिजला गणितज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी. पी काढताना 'याहून मोठे', म्हणजे प्रत्यक्षात न दिसलेले फरकही मोजले जातात. जे आकडे मिळालेच नाहीत त्यांच्या आधारे गृहीतक फेटाळता कसं, हा प्रश्न जेफ्रीज यांनी 1939 मध्येच विचारला होता.

त्या मुलीच्या तक्त्यात साठही बायका ठेवल्या. पीच्या शेजारी आम्ही लिहिलं: खरा फरक साधारण उणे 0.1 ते 1.3 ग्रॅम यांदरम्यान असू शकतो. सव्वा ग्रॅम हिमोग्लोबिन बाळंतपणाच्या वेळी किती मोलाचं असतं, हे मला तिनेच समजावून सांगितलं. 'जास्त पेशंट घेऊन हा अभ्यास पुन्हा व्हायला हवा' हे वाक्यही तिचंच. गाईडनी सही केली का, तिचा अजून फोन आलेला नाही.