‘20,000 पौंड ओढतो’ म्हणजे नक्की काय? ह्यूस्टनहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि रोखठोक आहे, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकणार नाही. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी पिकअप ट्रकांच्या तुलनेच्या लेखात 14,000 पौंडांच्या फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी (ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात जोडायचं फिरतं घर) राम 2500 डिझेल नको म्हटलं, ते तुम्हाला पटलेलं नाही. कंपनीच 20,000 पौंडांच्या आसपासचा आकडा देते, तुमचे मित्र तसाच ट्रेलर त्याच गाडीने ह्यूस्टन ते सॅन अँटोनिओ आरामात नेतात, मागची बाजू बसली तर एअरबॅग, म्हणजे ॲक्सलवर बसवायचे हवेचे फुगे, लावता येतात. रामच्या कमिन्स डिझेल इंजिनाला मी तिसरं का ठेवलं, असंही तुम्ही विचारलंय. आणि लोकांना घाबरवून मी महागडी ड्युअली (मागे चार चाकं असलेला ट्रक) त्यांच्या गळ्यात मारते, हा मुख्य आक्षेप. शेवटी तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून येणार आहेत आणि सहाही जण कॉलोराडोला यायचा बेत आहे.

खरं तर त्या शेवटच्या वाक्यासाठीच मी हे एवढं लिहितेय.

आधी 20,000 चं बघू. हा आकडा खोटा नाही. ‘एसएई जे2807’ नावाची ठरलेली चाचणी आहे, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणापासूनचा लांबलचक चढ भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठराविक वेगाच्या खाली न येता चढावा लागतो. पण त्या हिशेबात गाडीत माणसं दोन, प्रत्येकी 150 पौंडांची, आणि फिफ्थ व्हीलचा ट्रकवर येणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या 15 टक्के धरलेला. शिवाय जाहिरातीत झळकतो तो आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत सोयीच्या रूपाचा असतो. चार दारांची, फोर-व्हील ड्राइव्ह, चामड्याच्या सीटांची जी गाडी तुम्ही घेणार आहात, तिचा नव्हे.

तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पिवळी-पांढरी पट्टी. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. राम 2500 डिझेलचं एकूण अनुज्ञेय वजन 10,000 पौंड, आणि सगळ्या सोयींसह ती गाडी रिकामीच आठ हजारांच्या आसपास भरते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काहीशे पौंडांनी जड, ते वजनही यातूनच जातं. हातात उरतात साधारण 2,000.

आता तुमचा हिशेब मांडू. फिफ्थ व्हीलचा खरा भार 20 टक्क्यांच्या आसपास येतो, कारण कपाटं, बॅटऱ्या, सामानाचा कप्पा हे सगळं पुढच्या बाजूला असतं. 14,000 चे 20 टक्के म्हणजे 2,800. ट्रकच्या हौद्यात बसवायचा हिच, म्हणजे ट्रेलरचा जोड, 150. तुम्ही दोघं, आई-बाबा आणि दोन मुलं मिळून 700 धरू. बेरीज झाली 3,650. अजून कूलर नाही, जनरेटर नाही, आईंनी पुण्याहून आणलेल्या पिठांच्या पिशव्या नाहीत. आणि पट्टीवर आहेत 2,000. इथे ट्रेलर ओढायच्या ताकदीचा प्रश्नच येत नाही. ट्रेलर जोडून माणसं गाडीत बसली की मर्यादेच्या पावणेदोनपटीहून जास्त ओझं झालेलं असतं.

एअरबॅगचं म्हणाल, तर त्यांनी मागची बाजू वर उचलली जाते, गाडी सरळ दिसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत. हे सगळं चांगलंच आहे. पण ॲक्सल तोच, टायर तेच, चाकं आणि ब्रेक तेच. पट्टीवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही.

‘मग भार कमी येईल असं सामान मागे भरू,’ असंही एका वाचकाने सुचवलंय. कृपया हे करू नका. बैलगाडीत माल मागे सरकला की गाडी उलाळते, तसंच इथे होतं, फक्त ताशी 65 मैलांनी. ट्रेलरचं तोंड हलकं झालं की तो शेपटासारखा डोलायला लागतो आणि ट्रकला बरोबर घेऊन जातो. बंपरला जोडायच्या ट्रेलरमध्ये तर हा धोका आणखी मोठा, म्हणून तिथे 10 ते 15 टक्के भार पुढे हवाच.

कमिन्सबद्दलचा तुमचा जिव्हाळा मला समजतो. कमिन्सची कोथरूडमधली कंपनी 1962 सालची. पुण्यात ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी तिथे नोकरीला होतं, त्यांना ते नाव परकं वाटत नाही. आणि सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं ते इंजिन उत्तमच आहे: भाग कमी, कमी फेऱ्यांवर भरपूर जोर. मी त्याला तिसरं ठेवलं ते फक्त घाटासाठी. 2025 च्या राममध्ये 430 हॉर्सपॉवर आहेत, जीएमच्या ड्युरामॅक्समध्ये 470, फोर्डच्या हाय आउटपुट पॉवर स्ट्रोकमध्ये 500. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, गिअरबॉक्सने वाढवता येतो, हॉर्सपॉवर नाही. लांब चढावर जड ट्रेलरचा वेग शेवटी हॉर्सपॉवरच ठरवते. पण खरं सांगू? तिन्हींपैकी कुठलंही घ्या, 14,000 पौंड वर चढतील. टर्बोमुळे उंचीवरच्या विरळ हवेचाही फारसा त्रास होत नाही. या बाबतीत भांडण्यासारखं काही उरलेलं नाही.

माझा जीव अडकतो तो उतारात. ह्यूस्टन ते सॅन अँटोनिओ रस्ता जवळपास सपाट आहे. तुमच्या मित्रांचा अनुभव खराच आहे, पण तो त्या रस्त्याचा आहे. इथे कॉलोराडोत आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे. पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सात टक्क्यांचा उतार, दोन हजारांहून जास्त फूट खाली. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे चढते रस्ते करून ठेवलेत. ते उगाच केलेले नाहीत. ट्रक आणि ट्रेलर मिळून तुमचं वजन 22,000 पौंडांच्या पुढे असेल. एक्झॉस्ट ब्रेक तिन्ही गाड्यांना आहे: टर्बोची पाती मिटतात, बाहेर पडणारा धूर अडतो आणि इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. तो माथ्यावरच सुरू करायचा, खालचा गिअर तिथेच टाकायचा आणि पायाचा ब्रेक अधूनमधून, नेटाने. सतत पाय ठेवून बसलात तर डिस्क तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक लागतात की नाही, हे निघण्यापूर्वी कंट्रोलरची कळ हाताने दाबून बघायचं.

अशा उतारावर, वळणात, मागच्या दोन टायरांवर मर्यादेबाहेरचं ओझं आणि मागच्या सीटवर आई-बाबा, हे चित्र मला नको वाटतं. याला तुम्ही घाबरवणं म्हणत असाल तर म्हणा.

ड्युअलीच घ्या, असा माझा हट्ट नाही. ती मागे आठ फूट रुंद असते. मॉलच्या पार्किंगमध्ये आणि ड्राइव्ह-थ्रूमध्ये रोजचा वैताग आहे, हे कबूल. साध्या चार चाकांच्या राम 3500 किंवा फोर्ड एफ-350 वर चार हजारांच्या आसपास पेलोड, म्हणजे माणसं-सामानाची मर्यादा, मिळतो, आणि 2500 पेक्षा किमतीतला फरक ट्रकच्या एकूण किमतीच्या मानाने थोडा असतो. तुमचा हिशेब तिच्यात जेमतेम बसतो. ड्युअलीत पाच हजारांच्या वर, म्हणजे मोकळेपणाने. मात्र प्रत्येक गाडीची पट्टी वेगळी असते, म्हणून डीलरकडे दार उघडून फोटो काढल्याशिवाय सही करू नका.

2500 आधीच घेतली असेल तर ट्रेलर हलका घ्या. आठ-नऊ हजार पौंडांचा, बंपरला जोडायचा, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचसकट (भार सगळ्या ॲक्सलवर वाटणारा जोड). सहाजण त्यात दाटीवाटीने का होईना, झोपतील. आणि निघायच्या आदल्या दिवशी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर गाडी घाला. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर, तिघांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. ती पावती आणि दारावरच्या पट्टीचा फोटो इथे प्रतिक्रियेत टाकलात, तर मी आकडे तपासून त्याच दिवशी उत्तर देईन.