झेंग यी वहिनींचा हिशेब

आमच्या घरच्या ग्रुपवर दर 8 मार्चला एक पोस्ट हमखास येते. यंदा ती थोरल्या वहिनींनी टाकली. मजकूर साधारण असा: चिंग शी नावाची एक वेश्या, चाच्यांच्या म्होरक्याने मागणी घातली तेव्हा "निम्मी संपत्ती माझी" ही अट घालून तिने लग्न केलं, नवरा मेल्यावर 1800 जहाजं आणि 80,000 चाच्यांचं साम्राज्य उभं केलं, बलात्काऱ्याचं डोकं उडवायचा कायदा केला, चीन, ब्रिटन आणि पोर्तुगाल या तिघांच्या आरमारांना धूळ चारली, कुणालाच हरवता येईना म्हणून शेवटी बादशहाने गुडघे टेकले. वर 'इतिहासाने लपवलेली राणी' असा मथळा आणि हातात तलवार घेतलेल्या बाईचं चित्र.

"निम्मं खरं आहे," असं मी लिहिलं. वहिनींनी लगेच विचारलं, "कुठलं निम्मं?" हे त्याचं लांबलेलं उत्तर.

चित्राचं आधी उरकतो. ते काल्पनिक आहे. नावाची गोष्ट मात्र गमतीची आहे. 'चिंग शी' हे नावच नव्हे. त्याचा अर्थ 'झेंग घरातली बाई', एवढाच. चिनी लोक तिला ओळखतात ते 'झेंग यी साओ' म्हणून. झेंग यी हा तिचा नवरा, आणि 'साओ' म्हणजे थोरल्या भावाची बायको. म्हणजे मराठीत अक्षरशः झेंग यी वहिनी! इंग्रजीत हा शब्द नेताना त्याचं 'बायको' नाहीतर 'विधवा' होतं. आपल्याला तसं काही करावं लागत नाही. जहाजावरच्या दांडगटांनी जिला वहिनी म्हणायचं, तिचा अधिकार कुठून आला असेल हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता 'निम्म्या संपत्तीची अट'. लग्न 1801 सालचं. त्याआधी ती दक्षिण चीनमधल्या कँटन (आजचं ग्वांगझो) शहराकडे गणिका होती असं अभ्यासकही लिहितात. पण असा लेखी-तोंडी करार झाल्याचा त्या काळचा पुरावा नाही. कुणीतरी नंतर चिकटवलेलं हे ठिगळ आहे. पुढे.

"साम्राज्य उभं केलं." इथे पोस्ट सगळ्यात जास्त घसरते. झेंग यी हा पिढीजात चाचा. त्या वेळी व्हिएतनाममध्ये तायसन राजवट होती, आणि तिला लढायला माणसं हवी होती. तिने चिनी चाच्यांना पदव्या दिल्या, बंदरात आसरा दिला, लुटीचा माल विकायला बाजार दिला. एरवी मासेमारी मंदावली की चार महिने चोऱ्या करून परत जाळ्याकडे वळणारे हे लोक तिथे कायमचे लढवय्ये झाले. 1802 मध्ये तायसन कोसळले आणि ही सगळी गर्दी ग्वांगडोंगच्या, म्हणजे कँटन ज्या प्रांतात आहे त्याच्या, किनाऱ्यावर परतली. सुरुवातीला आपसातच मारामाऱ्या. मग 1805 मध्ये म्होरक्यांनी एक करार केला. जहाजांची नोंद ठेवायची, परवाना घेतलेल्या व्यापाऱ्याला कुणी लुटलं तर भरपाई द्यायची, असली कलमं त्यात होती. त्यातून लाल, काळा, पांढरा, हिरवा, निळा आणि पिवळा अशा सहा निशाणांची आघाडी उभी राहिली. लाल निशाण झेंग यीचं.

नोव्हेंबर 1807 मध्ये झेंग यी मेला. तेव्हा ती बत्तीस वर्षांची, पदरात दोन मुलगे, त्यातला एक त्याच वर्षी जन्मलेला. घर उभं होतं. खांब गेला होता. अशा वेळी आघाडी फुटायला आठवडा पुरतो. तिने ती फुटू दिली नाही, हे तिचं खरं काम. नवऱ्याच्या भाऊबंदांना तिने आपल्या बाजूला ओढलं आणि लाल ताफ्याची रोजची सरदारी झांग बाओकडे दिली. हा कोळ्याचा पोर. पंधराव्या वर्षी झेंग यीने त्याला पकडून आणलं आणि पुढे मुलगा मानलं. तिने त्याच्याशी संबंध जोडले, नंतर रीतसर लग्नही केलं. (पोस्टकर्त्यांनी ही गोष्ट गाळली आहे. घरच्या ग्रुपवर कशी टाकणार म्हणा!)

80,000 आणि 1800 हे आकडे सहाही निशाणांची अंदाजाने केलेली बेरीज आहेत, तीही वरच्या बाजूला झुकलेली. 1809 मध्ये चाच्यांच्या कैदेत असलेल्या रिचर्ड ग्लासपूल या ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्याचा अंदाज 70,000 माणसांचा होता. लाल निशाण शरण आलं तेव्हा सरकारने मोजदाद केली: 17,318 माणसं, 226 जहाजं, 1,315 तोफा. मोजलेला आकडा हा. तो एका बाईच्या शब्दाखाली होता, एवढं मला पुरेसं थक्क करणारं वाटतं.

आणि ही माणसं पोसायची कशी? रोज लुटून नव्हे. मिठाच्या गलबतांपासून सगळ्यांनी पैसे भरून परवाना घ्यायचा आणि अडवल्यास तो दाखवायचा. आंग्र्यांच्या दस्तकांबद्दल वाचलेल्याला ही पद्धत चटकन कळेल. लूट हा जोडधंदा होता, खरी मिळकत परवान्यांची. तलवारीपेक्षा खतावणीचं काम जास्त. पण खतावणी हातात घेतलेल्या बाईचं चित्र कोण फॉरवर्ड करणार?

"बलात्काऱ्याचं डोकं उडवायचा कायदा." या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे.

नियमांचा जुना आधार म्हणजे युआन योंगलुन या चिनी लेखकाचं 1830 मधलं पुस्तक. त्यात नियम तीन आहेत, आणि तो ते झांग बाओच्या नावावर मांडतो, तिच्या नव्हे. पहिला: परवानगीशिवाय किनाऱ्यावर गेला तर सगळ्या ताफ्यासमोर कान टोचायचे, दुसऱ्यांदा गेला तर मृत्यू. दुसरा: लुटीतलं काहीही परस्पर घ्यायचं नाही, सगळं नोंदवायचं, दहातले दोन वाटे माणसाला, आठ सामायिक कोठारात, कोठाराला हात लावला तर मृत्यू. तिसरा बायकांबद्दल: पकडून आणलेल्या बाईवर कुणी परस्पर हात टाकायचा नाही. आधी जहाजाच्या कारभाऱ्याची परवानगी काढायची आणि मग तळघरात जायचं. परवानगीशिवाय जबरदस्ती केली तर मृत्यू.

तिसरा नियम पुन्हा वाचा. बाईची परवानगी नव्हे, कारभाऱ्याची. दुसऱ्या नियमातल्या कापडाच्या गठ्ठ्यांना जे लागू, तेच तिसऱ्यात बाईला. गुन्हा कसला, तर नोंदीशिवाय माल वापरल्याचा. पोस्टने यातला 'मृत्यू' तेवढा उचलला आणि 'परवानगी' गाळली.

प्रत्यक्षात काय चालायचं ते ग्लासपूलने लिहून ठेवलं आहे. एका गावावरच्या हल्ल्यात सुमारे 250 बायका आणि काही मुलं पकडली गेली. बायकांना पळता आलं नाही, कारण त्यांचे पाय लहानपणापासून बांधलेले. शंभरेक जणींना घरच्यांनी खंडणी भरून सोडवलं. उरलेल्या चाच्यांमध्येच विकायला काढल्या, प्रत्येकी 40 डॉलरना. घेणाऱ्याची ती बायको ठरायची, आणि त्याने तिला टाकलं तर त्याला मृत्यू. कित्येकींनी समुद्रात उड्या टाकून जीव दिला.

युआनच्या पुस्तकात अशा एका बाईचं नावही आहे: मेई यिंग. चाचा धरायला आला तेव्हा तिने शिव्यांची लाखोली वाहिली. त्याने तिला डोलकाठीच्या आडव्या वाशाला बांधलं. तरी ती थांबेना. मग खाली ओढून दोन दात पाडले, तोंड रक्ताने भरलं. तो पुन्हा बांधायला आला तेव्हा तिने त्याला जवळ येऊ दिलं, रक्ताळलेल्या तोंडाने त्याचा कपडा पकडला आणि त्याच्यासकट नदीत उडी घेतली. दोघंही बुडाले. महिला दिनाला या समुद्रातलं एखादं नाव पाठवायचंच असेल, तर हे का नाही?

"तीन आरमारांना धूळ चारली." चीनपुरतं बरंचसं खरं. 1808 च्या अखेरीला ग्वांगडोंग प्रांताच्या आरमारातली जवळपास निम्मी जहाजं गेली होती. ब्रिटिश आरमाराशी मात्र तिचं युद्ध असं झालंच नाही. कंपनीच्या जहाजांची माणसं पकडली गेली आणि पैसे भरून सुटली. ग्लासपूलची डिसेंबर 1809 मध्ये सुटका झाली ती डॉलर, कापडाचे गठ्ठे, अफूच्या दोन पेट्या, बंदुकीची दारू आणि एक दुर्बीण देऊन. कैदेत त्याने तीन आठवडे भाताबरोबर उकडलेल्या अळ्या खाल्ल्या. लढाईच्या वेळी सरदाराची बायको त्याच्या अंगावर लसणाचं पाणी शिंपडायची. गोळी लागू नये म्हणून!

पोर्तुगीजांचं तर उलटंच. मकाव तेव्हा गोव्याच्या पोर्तुगीज कारभाराखाली होतं. तिथल्या पोर्तुगीजांनी 1809 च्या नोव्हेंबरात चिनी सरकारशी करार करून 6 जहाजं उतरवली. आजचा हाँगकाँगचा विमानतळ जिथे आहे, त्याच लांताऊ बेटाच्या कडेला, तुंगचुंगच्या खाडीत लाल ताफा कोंडला गेला. चिन्यांनी पेटती जहाजं सोडली, वारा फिरला आणि ती त्यांच्याच अंगाशी आली. त्या गोंधळात ताफा निसटला. याला धूळ चारणं म्हणत नाहीत. जीव वाचवणं म्हणतात.

आणि 'कुणाला हरवता आलं नाही म्हणून बादशहाने गुडघे टेकले' हे तर पार उलटं. 1809 मध्ये आलेल्या बाय लिंग या नव्या सुभेदाराने मीठ समुद्राऐवजी जमिनीवरून न्यायला लावलं, मालाची गलबतं बंदरातच थोपवली. परवाने घ्यायला गिऱ्हाईकच उरेना. मग चाचे नद्यांत घुसून गावं लुटू लागले. वर सांगितलेल्या बायका याच काळातल्या. त्यात काळ्या निशाणाचा ग्वो पोदाई आणि झांग बाओ यांचं वाकडं आलं. तुंगचुंगला अडकलेल्या झांग बाओच्या मदतीला तो गेला नाही, नंतर त्याच्याशी लढला, आणि जानेवारी 1810 मध्ये सरकारला जाऊन मिळाला. आघाडी फुटली होती.

तिची खरी करामत मला दिसते ती इथे. फेब्रुवारीत समुद्रावर बोलणी झाली आणि फिसकटली. ताफ्यातला किती भाग राखू द्यायचा यावर घोडं अडलं. एप्रिलमध्ये झांग बाओला मागे ठेवून ती स्वतः निघाली. हत्यार नाही, बरोबर 17 बायका आणि मुलं. थेट कँटनला, सुभेदाराच्या कचेरीत. जिच्या नावाने किनारा कापायचा, ती अशी दारात येऊन उभी राहिल्यावर सुभेदार तरी काय करणार? 20 एप्रिलला शरणागती झाली. शरण आलेल्यांना डुकराचं मांस, दारू आणि पैसे वाटले. झांग बाओला सरकारी हुद्दा मिळाला, वीस-तीस जहाजंही ठेवू दिली. सगळेच सुटले नाहीत मात्र: 126 जणांना देहदंड झाला, 151 जणांना कायमची हद्दपारी. झांग बाओने लगेच सरकारच्या बाजूने निळ्या निशाणाच्या जुन्या साथीदारावर चाल केली.

'इतिहासाने लपवली' म्हणाल, तर युआनचं पुस्तक शरणागतीनंतर वीस वर्षांत छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. हाँगकाँगच्या लोककथांत मात्र ती कमी आणि झांग बाओ जास्त आहे. चेउंग चाऊ बेटावर त्याच्या नावाची गुहा आजही दाखवतात.

उरलेलं आयुष्य पोस्टमध्ये नाही, ते थोडक्यात. झांग बाओ 1822 मध्ये सरकारी नोकरीत असतानाच मेला. ती त्याच्यापासून झालेल्या मुलाला घेऊन ग्वांगडोंगला परतली, जुगाराचा अड्डा चालवला. 1840 मध्ये, पासष्टीला टेकलेली असताना, तिने एका सरकारी माणसावर अपहाराचा आरोप केला: जमीनजुमला घ्यायला झांग बाओने 1810 मध्ये त्याच्याकडे दिलेली 28,000 ताएल (ताएल हे चांदी मोजायचं चिनी वजन) चांदी त्याने गिळली. तीस वर्षांपूर्वीचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता. प्रकरण गेलं लिन झेशुपुढे, म्हणजे आदल्याच वर्षी हुमेनला इंग्रजांची अफू नष्ट करणाऱ्या सुभेदारापुढे. त्याने ते फेटाळलं. 1844 मध्ये ती वारली.