प्रिफिक्सची भावकी

गृहपाठ हा रविवारी रात्री जेवणं उरकल्यावरच उगवतो. आमच्या सातवीतल्या कन्येनं ताटं उचलता उचलता जाहीर केलं, "पप्पा, उद्या मॅडमना पानभर प्रिफिक्स दाखवायचेत, अर्थासकट." बायकोला तेवढ्यात कुकर घासायची घाई झाली. आई मालिकेत होती. उरलो मी.

वहीत पहिलाच नियम लाल शाईनं लिहिलेला: प्रिफिक्स एकटा राहू शकत नाही, त्याला पुढं शब्द लागतो.

"मग मी सेमीत कशी?" पोरगीनं विचारलं.

खरंच की! अख्ख्या सांगलीत 'सेमी-इंग्लिश' असं पूर्ण कुणी म्हणत नाही. थोरली सेमीला असते, धाकटा मराठीला. शब्दाचं धड गळून पडतं आणि मुंडकं रुबाबात फिरतं. शेजारचं कार्टं 'हायपर' असतं, रिक्षावाला रात्री 'एक्स्ट्रा' मागतो, वऱ्हाडाला 'मिनी' सांगितलेली असते. त्यात सेमी तर आपल्या नात्यातलाच. लॅटिनचा सेमी, ग्रीकचा हेमी आणि संस्कृतातला 'सामि', तिघांचाही अर्थ अर्धा. आपण सामि विसरलो आणि आता फी भरून सेमी घरात आणतो.

मिनीची गंमत वेगळीच. तो आला मिनिएचरमधून, आणि मिनिएचर आला 'मिनियम' या लॅटिन शब्दावरून. मिनियम म्हणजे शिशापासून केलेला तांबडा रंग, आपला शेंदूर. जुन्या हस्तलिखितांतली अक्षरं त्यानं रंगवायचे. पुढं त्या पोथ्यांतल्या चिटुकल्या चित्रांवरून, आणि मिनिमम हा शब्द कानाशी असल्यानं, मिनी म्हणजे लहान असं होऊन बसलं.

"म्हणजे वऱ्हाडाला शेंदूर सांगितलाय होय?" आईनं मालिकेतून मान न काढता विचारलं.

खरी कुस्ती सुरू झाली ती 'इन'पाशी. इन म्हणजे नाही, हे पोरगीनं पाठ केलेलं. "मग मिरजेच्या रस्त्याला टँकरवर हायली इन्फ्लेमेबल लिहितात, तो पेटत नाही ना? तुम्ही उगाच मागं राहता."

घाम फुटला. मग मी भावकी समजावली. इंग्रजीचा अन, लॅटिनचा इन, ग्रीकचा आणि आपला अ किंवा अन् हे सगळे एकाच मूळपुरुषाची पोरं, काम एकच, नकार देणं. आपण व्यंजनापुढं अ लावतो, स्वरापुढं अन्: अज्ञान, पण अनिच्छा. ग्रीक लोकही अगदी तसंच करतात. पण लॅटिनमध्ये दुसराही एक इन आहे, त्याचा अर्थ आत. सातबाऱ्यावर एकाच नावाचे दोन इसम निघावेत तसा हा घोळ. नाव तेच, घराणं वेगळं. टँकरवरचा इन हा दुसरा, पेटवणारा. या नामसाधर्म्यात कुणाचा तरी जीव जाईल म्हणून विसाव्या शतकात अमेरिकेतल्या आगप्रतिबंधवाल्यांनी नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आपले टँकर मात्र अजून जुन्याच पाटीवर धावतात.

"म्हणजे फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल एकच?"

"एकच."

"मग हे शिकायचं कशाला?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी पुढच्या ओळीकडं वळलो. नकारवाला इन पुढचं अक्षर बघून कपडे बदलतो. पी, बी, एमपुढं इम होतो, एलपुढं इल, आरपुढं इर. इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. पोरगीनं हे भराभर लिहिलं, मग पेन चावत थांबली, आणि चेहरा एकदम उजळला.

"आयर्विन पूल! स्पेलिंगमध्ये इर आहे, पुढं विन. इर म्हणजे नाही, विन म्हणजे जिंकणं. न जिंकणारा पूल!"

मी परोपरीनं सांगितलं. बाई गं, ते व्हाइसरॉयचं नाव आहे. आपल्या सांगलीचा हा कृष्णेवरचा पूल 1929 सालचा. शिवाय इर फक्त आरपुढं येतो, इथं पुढं डब्ल्यू आहे. तिकडून आई म्हणाली, "बरोबर हाय की पोरीचं. पुराचं पाणी पुलापाशी 40 फुटाला गेलं की इशारा, 45 ला धोका. नदीनं जिंकायचं आणि पुलानं बघत बसायचं."

दोघी एका बाजूला झाल्यावर मी निजायला गेलो.

सोमवारी वही तपासून आली. आयर्विनपुढं बरोबरची खूण होती आणि शेजारी 'व्हेरी गुड'. लाल गोल होता तो इर्रेग्युलरला. त्यात एक आर कमी पडला होता.